सुरुवातीलाच जोडायचं की हात लागेल तेव्हा?

वीज जाऊन तासाभरानं परत येते आणि कचेरीतली सगळी यंत्रं एकदम जागी होतात. टेबलांवरचे संगणक मिनिटाभरात तयार होऊ पाहतात. ज्या सर्व्हरवर सगळ्यांच्या फाइली आहेत तो मात्र अजून आपल्या मोठाल्या डिस्क तपासत बसलेला असतो. मग एखाद्या लिनक्स संगणकाच्या पडद्यावर एक ओळ थबकते: अमुक फोल्डर माउंट करण्याचं काम चालू आहे, इतके सेकंद झाले, मर्यादा दीड मिनिट. शेजारच्या संगणकाच्या सेटिंगमध्ये एखादाच शब्द वेगळा असतो आणि तो तोवर लॉगिनची चौकट दाखवून मोकळा झालेला असतो. त्याच्यावरही तोच फोल्डर दिसतो, पण कोणी त्याला हात लावेपर्यंत त्यानं सर्व्हरकडे विचारणाच केलेली नसते.

या दोन वागण्यांमधली निवड युनिक्स आणि लिनक्स सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी येते. दुसऱ्या यंत्रावरची फाइल सिस्टिम आपल्या यंत्राच्या फोल्डरांत जोडायची, म्हणजे माउंट करायची, ती बूट होतानाच की कोणी तिथली फाइल मागेल त्या क्षणी? बहुतेक ठिकाणी बूट किती सेकंदांत होतं एवढ्यावरच याचा निकाल लावला जातो. तो निकष फार तोकडा आहे. सर्व्हर कधीतरी जागेवर नसणारच, हे एकदा मान्य केलं की प्रश्न वेगळाच दिसू लागतो. त्या वेळी वाट कोणी पाहायची? सगळ्या यंत्रानं, त्यावरच्या एखाद्या सेवेनं, की फाइल उघडणाऱ्या माणसानं? आणि सर्व्हर नाही ही गोष्ट त्याला कळणार कशी?

प्रश्नाचं मूळ सन मायक्रोसिस्टिम्सच्या नेटवर्क फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे एनएफएसमध्ये आहे. १९८५ मध्ये ती सनओएस २.० बरोबर बाहेर आली आणि त्याच वर्षी रसेल सँडबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी युझनिक्सच्या परिषदेत तिची रचना मांडली. रचनेचा गाभा असा, की सर्व्हरनं ग्राहक यंत्रांबद्दल काहीही लक्षात ठेवायचं नाही. प्रत्येक विनंती स्वतःपुरती पूर्ण असायची. सर्व्हर मध्येच कोसळून पुन्हा उभा राहिला तर ग्राहकानं तीच विनंती परत पाठवायची आणि काम जिथं थांबलं तिथून चालू व्हायचं. सर्व्हरची पडझड ग्राहकाला फक्त उशीर म्हणून जाणवावी, ही त्यामागची इच्छा. चाळीस वर्षं ही पद्धत टिकून राहिली ती या साधेपणामुळेच.

पण उशीर किती, याला त्या रचनेत मर्यादा नव्हती. 'हार्ड' माउंटमध्ये ग्राहक यंत्र विनंती पाठवतच राहतं. सर्व्हर प्रतिसाद देत नाही, अजून प्रयत्न चालू आहेत, असा संदेश नोंदवहीत पडतो आणि फाइल वाचणारा प्रोग्राम जागच्या जागी गोठतो. लिनक्सवर अशा प्रोग्रामच्या स्थितीपुढे 'डी' अक्षर दिसतं आणि त्याला संपवायचं तर फक्त किल सिग्नलच चालतो. 'सॉफ्ट' माउंट हा दुसरा मार्ग. त्यात ठरावीक प्रयत्नांनंतर प्रोग्रामच्या हाती त्रुटी ठेवली जाते. दिसायला हा शहाणपणाचा तोडगा वाटतो, पण लिहिताना आलेली त्रुटी सगळेच प्रोग्राम नीट तपासत नाहीत. त्यामुळे माहिती गुपचूप बिघडू शकते, असा स्पष्ट इशारा लिनक्सच्या एनएफएस पुस्तिकेतच दिलेला आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसची कागदपत्रं तर एनएफएसवर डेटा ठेवायचा असेल तर हार्ड माउंटच हवा असं बजावतात. म्हणून महत्त्वाच्या माहितीसाठी हार्ड माउंट गृहीत धरायचा आणि मग तो कधी जोडायचा याचा विचार करायचा, हाच क्रम बरोबर आहे.

सर्वांत जुनी रीत एफएसटॅब फाइलमध्ये एक ओळ लिहिण्याची. यंत्र सुरू होताना ती ओळ वाचली जाते, सर्व्हरला साद घातली जाते आणि उत्तर आलं की बूट पुढे सरकतं. उत्तर नाही आलं तर? लिनक्सवर समोरासमोर चालणारा माउंट दोन मिनिटं प्रयत्न करून हार मानतो. यावर तोडगा म्हणून 'बीजी' नावाचा पर्याय रूढ झाला. पहिला प्रयत्न फसला की माउंटचं काम मागे पाठवायचं आणि बूट पुढे जाऊ द्यायचं. मागे गेलेलं काम १०,००० मिनिटं, म्हणजे जवळजवळ सात दिवस, प्रयत्न करत राहतं. सनच्या जमान्यात या पर्यायाची गरज एका विशेष अडचणीमुळे पटकन पटली. दोन सर्व्हर एकमेकांचे फोल्डर बूटच्या वेळी माउंट करत असतील आणि वीज जाऊन दोघंही एकदम सुरू झाले, तर दोघंही एकमेकांची वाट पाहत अडकून बसतात. आजही छोट्या कार्यालयांत दोन सर्व्हर अशा रीतीनं एकमेकांना बांधलेले सापडतात आणि ते कळतं नेमकं वीज गेल्यावरच.

दुसऱ्या बाजूचं उत्तरही सनमधूनच आलं. १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये ऑटोमाउंटर आला आणि पुढच्या वर्षीच्या युझनिक्स परिषदेत ब्रेंट कॅलघन व टॉम लायन यांनी त्याची कल्पना मांडली. युक्ती सुंदर होती. ऑटोमाउंटर स्वतःच त्या यंत्रावरचा एक छोटा एनएफएस सर्व्हर असल्याचं सोंग घ्यायचा. कोणी /होम मधलं एखादं नाव मागितलं की तो खरा सर्व्हर शोधायचा, त्यावरचा फोल्डर /टीएमपी_एमएनटी खाली माउंट करायचा आणि मागणाऱ्याला तिकडे नेणारी सिम्बॉलिक लिंक द्यायचा. काही काळ कोणी वापरला नाही की फोल्डर पुन्हा सोडवून टाकायचा.

यातली खरी ताकद वेगापेक्षा नकाशांत होती. कोणता फोल्डर कुठल्या सर्व्हरवर आहे याची यादी, जिला मॅप म्हणतात, एनआयएससारख्या मध्यवर्ती ठिकाणी ठेवता येऊ लागली. त्यात एक तारांकन आणि एक अँपरसँड यांनी बनलेली ओळ लिहिली की विद्यापीठातल्या हजारो विद्यार्थ्यांची घरं, म्हणजे होम डिरेक्टरी, नावावरून आपोआप सापडायची. कोणाचा फोल्डर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवला तर नकाशात एकाच जागी बदल पुरायचा. फक्त वाचण्याच्या माहितीसाठी एकाच नावापुढे दोन-तीन सर्व्हर लिहून ठेवायची सोय होती, म्हणजे त्यातला जो उत्तर देईल तो जोडला जायचा. एफएसटॅबच्या शेकडो प्रती शेकडो यंत्रांवर जुळवत बसणाऱ्या प्रशासकांसाठी ही फार मोठी सुटका होती. लागेल तेव्हा जोडण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आजही हाच आहे, आणि बूटच्या वेळेशी त्याचा काही संबंध नाही.

पहिल्या ऑटोमाउंटरचे दोषही ठळक होते. सिम्बॉलिक लिंकमुळे आपण कुठल्या फोल्डरात आहोत असं विचारलं की उत्तरात /टीएमपी_एमएनटी असलेला आतला पत्ता यायचा. एखाद्या प्रोग्रामनं तो जपून ठेवला आणि दरम्यान फोल्डर सोडवला गेला, तर तो पत्ता पुन्हा वापरून माउंट होत नसे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात यान-सायमन पेंड्री यांनी एएमडी नावाचा दुसरा ऑटोमाउंटर लिहिला. तो पुष्कळ वेगवेगळ्या युनिक्सवर चालला आणि पुढे एरेझ झादोक यांनी त्याची जबाबदारी घेतली. सनच्या बाजूनं कॅलघन आणि सतिंदर सिंग यांनी १९९३ मध्ये ऑटोएफएसची रचना मांडली. यात सोंगाची गरज उरली नाही. माउंटची जागा खुद्द कर्नल राखतो, कोणी पाऊल टाकलं की त्याला थांबवतो, बाहेरच्या प्रोग्रामकडून खरा माउंट करून घेतो आणि मग वाट मोकळी करतो. लिंक नाही, त्यामुळे आतला पत्ताही नाही. लिनक्सचं ऑटोएफएस १९९७ च्या सुमारास एच. पीटर ॲनविन यांनी सुरू केलं आणि त्याची आजची पाचवी आवृत्ती इयन केंट सांभाळत आले आहेत. मॅकमध्ये २००७ च्या लेपर्डपासून सोलारिसवर बेतलेलं ऑटोएफएस आहे. फ्रीबीएसडीनं २०१४ मध्ये १०.१ आवृत्तीत नव्यानं लिहिलेलं ऑटोएफएस घेतलं.

तरीही घरच्या किंवा छोट्या कार्यालयाच्या लिनक्सवर एफएसटॅबचीच सद्दी राहिली. चित्र पालटलं ते लिनक्सचं बूट आणि त्यावरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीमुळे. ३० एप्रिल २०१० रोजी लेनार्ट पोटरिंग यांनी सिस्टिमडीची घोषणा करणारा मोठा लेख लिहिला. त्यात बूटची कामं समांतर चालवण्याच्या मुद्द्यात ऑटोएफएसचा एक अनपेक्षित उपयोग होता आणि ती कल्पना हॅराल्ड हॉयर यांची असल्याचं त्यांनी नोंदवलं होतं. फोल्डर तयार नसला तरी त्याच्या जागी ऑटोएफएसचा पहारा बसवायचा. ज्याला फाइल हवी असेल तो तिथं थांबेल, बाकीचं बूट चालू राहील. इथं फोल्डर स्थानिक डिस्कवरचा असला तरी चालतो, आणि तो शेवटी जोडला जाणारच असतो. म्हणजे दूरचे सर्व्हर जोडण्यासाठी जन्मलेलं साधन आता बूटमधली रांग मोडण्यासाठी कामाला आलं. याच मार्गानं एफएसटॅबच्या ओळीत 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' हा शब्द आला, आणि ऑटोएफएसचे वेगळे नकाशे न लिहिता कोणालाही लागेल तेव्हा जोडणारा फोल्डर मिळू लागला. वापर नसताना फोल्डर सोडवला जाण्याची मुदत हवी असेल तर त्याच ओळीत आयडल-टाइमआउट लिहायचा. ऑटोएफएसमध्ये ही मुदत मुळात दहा मिनिटांची आहे, बसवताना येणाऱ्या सेटिंग फाइलमध्ये ती पाच मिनिटांवर आणलेली असते.

सिस्टिमडीनं बूटच्या वेळी जोडण्याची रीतही अधिक काटेकोर केली, आणि तिथले बारकावे माहीत नसल्यानं पुष्कळांची यंत्रं अडकतात. दूरचे सगळे माउंट 'रिमोट-एफएस' नावाच्या एका टप्प्याखाली येतात. सामान्य वापरकर्त्यांना लॉगिनची परवानगी देणारी सेवा या टप्प्यानंतरच चालू होते. डेबियनमध्ये ठरलेल्या वेळी कामं करणारा क्रॉनही त्यानंतरच उठतो. म्हणून ज्या फोल्डरात क्वचित कोणी डोकावतं, त्या जुन्या फाइलींच्या साठ्याचा सर्व्हर बंद असला, तरी सकाळी आलेल्या माणसाला स्वतःच्याच यंत्रात शिरण्यासाठी ताटकळावं लागतं. 'नोफेल' लिहिलं की हा टप्पा त्या माउंटसाठी खोळंबत नाही. 'बीजी' लिहिलं तर सिस्टिमडी त्याचं रूपांतर मनातल्या मनात नोफेल आणि त्याच १०,००० मिनिटांच्या प्रयत्नांत करतो. एनएफएस किंवा विंडोजच्या शेअरसाठी वापरलं जाणारं सीआयएफएस हे प्रकार नेटवर्कवरचे आहेत हे त्याला नावावरून कळतं. पण नेटवर्कवरून आलेली डिस्क असेल, जशी आयस्कझीची असते, तर प्रकार साध्या ईएक्सटी४ चा दिसतो. तिथं '_नेटडेव्ह' लिहायचं राहिलं तर तो माउंट स्थानिक समजला जातो आणि तो फसला की यंत्र थेट आणीबाणीच्या स्थितीत उघडतं. ॲमेझॉनच्या ढगातल्या ईएफएस साठ्यासाठी हाच पर्याय लिहा, नाहीतर यंत्र प्रतिसाद देणं थांबवू शकतं, असं ॲमेझॉनची कागदपत्रं सांगतात. दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये असलेल्या यंत्रासमोर कीबोर्ड घेऊन बसता येत नाही, तेव्हा ही चूक फार महाग पडते.

आणखी एक गोष्ट बूटच्या बाजूला नेहमीच कच्ची राहते. 'नेटवर्क चालू झालं' म्हणजे नेमकं काय? कार्डाला पत्ता मिळाला म्हणजे सर्व्हरपर्यंतचा रस्ता तयार झाला असं नाही. सिस्टिमडीचे कर्तेच आपल्या कागदपत्रांत ही व्याख्या सैल असल्याचं मान्य करतात. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये बूटच्या वेळी नेटवर्कची वाट पाहण्याचा वेगळा पर्याय द्यावा लागला तो याचसाठी. लॅपटॉपवर तर मामला निकालातच निघतो. वाय-फायचा पासवर्ड फक्त एका वापरकर्त्यासाठी जपून ठेवलेला असेल तर तो लॉगिन करेपर्यंत नेटवर्क येणारच नाही. मग बूटच्या वेळचा माउंट यशस्वी होण्याची शक्यताच नाही. अशा यंत्रावर लागेल तेव्हा जोडणं हाच एक समंजस मार्ग आहे, आणि लॅपटॉपसाठी त्याची शिफारस करताना हात आखडता घेण्याचं काही कारण नाही.

इथवर वाचून कोणी नोफेल लिहून निश्चिंत होईल, आणि नेमका तिथंच या विषयातला सर्वांत मोठा धोका आहे. माउंट फसला तरी ज्या फोल्डरावर तो व्हायचा होता तो रिकामा फोल्डर यंत्रावर असतोच. त्याचा रस्ता तोच, नाव तेच. प्रोग्रामला फरक कळत नाही.

पोस्टग्रेसच्या जाणकारांमध्ये या धोक्याचा एक प्रसंग वर्षानुवर्षं सांगितला जातो. डेटा एनएफएसवर होता आणि बूटच्या वेळी तो माउंट उशिरा आला. त्या काळच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये एक मदतीची सोय होती: डेटाचा फोल्डर रिकामा दिसला तर नवा कोरा डेटाबेस तयार करायचा. स्क्रिप्टनं तो केला आणि चालूही केला. मग त्याच जागेवर खरा फोल्डर येऊन बसला. चालू असलेला प्रोग्राम एका डेटाबेसचा आणि फाइली दुसऱ्याच्या, अशी सरमिसळ होऊन माहिती बिघडली. आज पोस्टग्रेसची कागदपत्रं सांगतात, की माउंटची जागाच डेटाचा फोल्डर म्हणून वापरू नका, त्याच्या आत एक फोल्डर करून तो वापरा. म्हणजे माउंट नसेल तेव्हा आतला फोल्डर सापडणारच नाही आणि डेटाबेस सरळ सुरू व्हायला नकार देईल. एका जास्तीच्या फोल्डराची ही खबरदारी घ्यायला मिनिटही लागत नाही.

हाच धोका इतरत्र वेगळ्या रूपात भेटतो. आरसिंकनं रोज रात्री बॅकअप घेताना मूळ फोल्डरात नसलेल्या फाइली बॅकअपमधूनही काढायला सांगितलेलं असेल आणि मूळ फोल्डर माउंट झालेलाच नसेल, तर रिकाम्या फोल्डराची हुबेहूब प्रत करायच्या नादात सगळा बॅकअप पुसला जातो. घरच्या चित्रपटांचा संग्रह दाखवणाऱ्या प्लेक्समध्ये प्रत्येक तपासणीनंतर कचरा आपोआप रिकामा करण्याची सोय चालू असेल आणि त्या वेळी साठ्याचं यंत्र बंद असेल, तर संग्रहाची यादीच नाहीशी होऊ शकते. बॅकअप उलट्या दिशेनं जात असेल तर फाइली मूळ डिस्कवरच साचतात आणि एका सकाळी डिस्क भरून यंत्र अडतं. डॉकरची सेवा माउंटच्या आधी उठली तर कंटेनरला रिकामा फोल्डर जोडला जातो आणि नंतर बाहेर खरा माउंट आला तरी आत तो दिसत नाही.

उपाय फार अवघड नाहीत. माउंट व्हायच्या आधी रिकाम्या फोल्डरावर चॅटर या आज्ञेनं 'बदल नको' ही खूण लावली तर रूटलासुद्धा तिथं काही लिहिता येत नाही. सिस्टिमडीच्या सेवेत 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' लिहिलं तर तो फोल्डर जोडला गेल्याशिवाय सेवा चालूच होत नाही. स्क्रिप्टमध्ये माउंटपॉइंट ही आज्ञा आधी चालवून खात्री करता येते. यातला दुसरा उपाय सर्वांत मोलाचा आहे, कारण तो वाट पाहण्याची जबाबदारी बरोबर जागी ठेवतो. डेटाबेसला फाइली हव्यात, म्हणून डेटाबेस थांबतो. लॉगिन, एसएसएच, देखरेखीचे प्रोग्राम यांचा त्या फाइलींशी संबंध नाही, म्हणून ते चालू राहतात आणि बिघाड दुरूनही दुरुस्त करता येतो. बूटच्या वेळी जोडायचंच असेल तर नोफेल आणि ही अट एकत्र लिहावी. नुसतं नोफेल लिहून सोडून देणं ही या विषयातली सगळ्यात वाईट निवड आहे, कारण तिच्यात बिघाड कोणाच्याच लक्षात येत नाही.

लागेल तेव्हा जोडण्यात रिकाम्या फोल्डराचा हा धोका बराच कमी होतो. तिथं पहारा बसलेला असतो, आणि माउंट फसला तर मागणाऱ्याला त्रुटी मिळते, खोटा रिकामा फोल्डर मिळत नाही. हा त्या पद्धतीचा फारसा सांगितला न जाणारा गुण आहे. पण तिचे स्वतःचे त्रास आहेत. सर्व्हर नसल्याचं कळतं ते दुपारी तीन वाजता, कोणी काम करत असताना. ऑटोएफएस फसलेला प्रयत्न साधारण मिनिटभर लक्षात ठेवतो आणि तोवर पुन्हा विचारणाऱ्याला लगेच नकार देतो. त्यामुळे सर्व्हर परत आल्यावरही क्षणभर गोंधळ उडतो. सिस्टिमडीच्या ऑटोमाउंटवर एखादा अधीर प्रोग्राम दर सेकंदाला ठोठावत राहिला तर थोड्या वेळात बरेच प्रयत्न झाले म्हणून पहाराच बंद पडतो आणि तो हातानं पुन्हा चालू करावा लागतो.

शिवाय वापर नसताना सोडवणं हे कागदावर जितकं नीटनेटकं आहे तितकं प्रत्यक्षात नसतं. फाइल मॅनेजरची खिडकी उघडी राहिली, देखरेखीचा प्रोग्राम दर मिनिटाला डिस्कची जागा मोजायला फिरकला, की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते आणि फोल्डर महिनोन्‌महिने जोडलेलाच राहतो. रात्री सगळ्या फाइलींची सूची बनवणारा अपडेटडीबी नेटवर्कवरच्या आणि ऑटोएफएसच्या जागा वगळून जातो तो याच विचारानं. मोठ्या ठिकाणी एकदम शेकडो माउंट करायची वेळ आली तर वेगळीच टंचाई भासते. एनएफएसचा ग्राहक सहसा १०२४ खालचे राखीव पोर्ट वापरतो, आणि लिनक्समध्ये त्यांचा पट्टा ६६५ ते १०२३ एवढाच ठेवलेला आहे.

कंटेनरांच्या जगात ऑटोएफएसला आणखी एक खोड जडली. यजमान यंत्रावरचा ऑटोएफएसचा फोल्डर कंटेनरला दिला आणि माउंटचा प्रसार आत होऊ दिला नाही, तर आतून फाइल मागताच लिंकांचे थर फार झाले अशी त्रुटी येते. तिथं लिंक एकही नसते, त्यामुळे ती वाचून नव्या माणसाला काहीच उलगडा होत नाही. फोल्डर देताना 'शेअर्ड' किंवा 'आरस्लेव्ह' हा शब्द जोडला की प्रश्न सुटतो.

दोन्ही पद्धती मोठ्या प्रमाणावर कशा जगतात ते विज्ञानाच्या क्षेत्रात छान दिसतं. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर चालणाऱ्या प्रयोगांची सॉफ्टवेअरं जगभरच्या संगणक केंद्रांपर्यंत पोहोचवण्यासाठी सीव्हीएमएफएस ही फक्त वाचता येणारी फाइल सिस्टिम आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे टीआयएफआरचं केंद्र त्या जाळ्यात सीएमएस प्रयोगासाठी काम करतं. सीव्हीएमएफएस सहसा ऑटोएफएसवर चालते. /सीव्हीएमएफएस फोल्डराची यादी मागितली तर तो बहुधा रिकामा दिसतो. नवा संशोधक पाहून चकित होतो, पण प्रयोगाच्या भांडाराचं पूर्ण नाव लिहिलं की सगळं समोर उघडतं. भांडारं अनेक आहेत, एका यंत्राला त्यातली मोजकीच लागतात आणि फाइलीसुद्धा मागितल्यावरच एचटीटीपीवरून येतात. इथं लागेल तेव्हा जोडणं हे साऱ्या रचनेशी सुसंगत आहे. तरी काम सुरू करण्याआधी 'प्रोब' आज्ञेनं भांडार खरंच जोडलं जातं का ते तपासता येतं. भरवसा ठेवायचा पण आधी हात लावून पाहायचा, अशी ती सोय.

महासंगणकांवर नेमकं उलट. शेकडो यंत्रांवर एकच समांतर हिशेब चालू होतो आणि सगळी यंत्रं एकाच क्षणी फाइली मागतात. त्या क्षणी प्रत्येकानं माउंट करायला सुरुवात केली तर सर्व्हरवर झुंबड उडते, आणि एकाचा माउंट रखडला तर सगळा हिशेब त्याच्यासाठी थांबतो. म्हणून लस्टरसारखे साठे तिथं आधीच जोडून ठेवतात आणि तपासणीही आधीच करतात. लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार झालेल्या नोड हेल्थ चेकमध्ये अमुक फाइल सिस्टिम जोडलेली आहे का हे पाहणारी चाचणी आहे. ती फसली की स्लर्मसारखा कामवाटप करणारा प्रोग्राम त्या यंत्राला कामच देत नाही. यंत्र चालू असतं, प्रशासक त्यात शिरू शकतो, पण कोणाचा हिशेब तिथं जाऊन मरत नाही. बूटच्या वेळी जोडण्याचं इतकं विचारपूर्वक रूप दुसरीकडे क्वचित दिसतं.

विंडोजवर हाच वाद लॉगिनच्या वेळी उभा राहतो. नेटवर्क ड्राइव्ह लॉगिन करताना जोडले जातात. एक्सपीपासून लॉगिन नेटवर्कची वाट न पाहता होऊ लागलं, आणि ड्राइव्हवर लाल फुली दिसणं हे कार्यालयांतलं नेहमीचं दृश्य झालं. फुलीवर टिचकी मारली की बहुतेक वेळा ड्राइव्ह जोडला जातो, म्हणजे व्यवहारात तो लागेल तेव्हाच जोडला गेला. २०१८ च्या १८०९ आवृत्तीत ही जोडणी परत होईनाशी झाली तेव्हा मायक्रोसॉफ्टनं लॉगिनच्या वेळी चालवायची स्क्रिप्ट तात्पुरता उपाय म्हणून सुचवली. सर्व्हरच्या बाजूनं वापरात नसलेली जोडणी पंधरा मिनिटांनी तोडण्याची रीत विंडोजमध्ये फार जुनी आहे. जिथं प्रत्येक लॉगिनला नेटवर्क हवंच अशा ठिकाणी वाट पाहायला लावणारं धोरणही प्रशासकाला लावता येतं.

मग घरच्या किंवा दहा-वीस माणसांच्या कार्यालयातल्या माणसानं काय निवडावं? माणूस समोर बसून वापरतो त्या यंत्रावर सिस्टिमडीचा ऑटोमाउंट, नोफेलसह, आणि माउंटला दीड मिनिटाऐवजी दहा-पंधरा सेकंदांची मुदत, म्हणजे सर्व्हर नसेल तर फाइल मॅनेजर फार वेळ गोठत नाही. वापरकर्ते पुष्कळ असतील आणि त्यांची घरं सर्व्हरवर असतील तर पूर्ण ऑटोएफएस आणि मध्यवर्ती नकाशे, कारण सिस्टिमडीच्या ऑटोमाउंटला तारांकनाची ओळ समजत नाही, त्याला प्रत्येक फोल्डर वेगळा लिहावा लागतो. डेटाबेस, बॅकअप, कंटेनर चालवणाऱ्या यंत्रावर बूटच्या वेळचा माउंट, पण सेवेला बांधलेला. एकाच यंत्रावर दोन्ही पद्धती सुखानं नांदतात.

निवड काहीही असो, ती खरी झाली की नाही हे एकाच रीतीनं कळतं. कामाची वेळ संपल्यावर सर्व्हरची नेटवर्क केबल काढायची आणि ग्राहक यंत्र पुन्हा सुरू करायचं. लॉगिन होतं का, किती वेळात, फोल्डर उघडल्यावर त्रुटी येते की रिकामी जागा दिसते, रात्रीचा बॅकअप थांबतो की चालू होतो, हे लिहून घ्यायचं. मग केबल लावून, काही न करता फोल्डर परत येतो का ते पाहायचं. चाचणीचा दुसरा भाग बहुतेकजण विसरतात. फोल्डर जोडलेला असताना केबल काढायची आणि यंत्र बंद करायला सांगायचं. बंद होताना सिस्टिमडी आधी दूरचे माउंट सोडवतो आणि मग नेटवर्क बंद करतो, पण सर्व्हरच आधी गेला तर हार्ड माउंट सुटता सुटत नाही आणि यंत्र मिनिटा-दोन मिनिटांसाठी अडकतं. झाकण लावून दुसऱ्या नेटवर्कवर जाणाऱ्या लॅपटॉपचं तेच होतं. पाच मिनिटांची आयडल मुदत असेल तर झाकण लावताना फोल्डर बहुधा आधीच सुटलेला असतो. नसेल तर 'लेझी' अनमाउंटनं तो नावापुरता बाजूला काढता येतो, मात्र त्यावर अर्धवट लिहिलेली फाइल असेल तर ती सर्व्हर परत भेटेपर्यंत अर्धवटच राहते.